पिशवी काढण्याआधी ओटीपोटाचा तळ तपासून घ्या

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून आईचं वय ५४, तीन बाळंतपणं, शिंकल्या-खोकल्यावर लघवी निसटते, संध्याकाळपर्यंत खाली गोळा आल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी पाच मिनिटांत "पिशवी काढून टाका" सांगितलं आणि व्हिडिओ बघून दोन महिने केगल (योनीभोवतीचे स्नायू आवळून सोडण्याचे व्यायाम) करूनही फरक नाही. मी १६ वर्षं याच तक्रारींवर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं म्हणणं असं, की ऑपरेशनची तारीख इतक्यात घेऊ नका आणि केगलही तूर्त थांबवा. आधी नीट तपासणी होऊ दे.

पुढे ओटीपोटाखालचं हाड आणि मागे माकडहाड, यांच्यामध्ये स्नायूंची एक झोळी ताणलेली असते, तोच ओटीपोटाचा तळ. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधाराने राहतात. बाळंतपणात ती ताणते, कधी फाटते. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ होते. त्यात वर्षानुवर्षांचा बद्धकोष्ठ, जुना खोकला, पाण्याचे हंडे. गर्भाशय खाली येतं ते आधार सैल झाल्यामुळे. पिशवी काढली तरी झोळी तीच राहते, आणि वरचा आधार नीट बांधून घेतला नाही तर पुढे योनीचा वरचा भागच खाली उतरतो. अशा बायका माझ्याकडे येतात तेव्हा फार वाईट वाटतं. शिवाय आपल्याकडे सगळ्यालाच "अंग बाहेर येतं" म्हणतात. पुष्कळदा ती योनीची पुढची भिंत आणि तिच्यामागचं मूत्राशय असतं, पिशवी बऱ्यापैकी जागेवर असते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: खाली नक्की काय आलंय, पुढची भिंत, मागची भिंत की गर्भाशय? आणि किती?

केगल का लागू पडले नाहीत, हे एका मावशींवरून सांगते. त्या रोज शंभर वेळा करायच्या. मी ग्लव्ह घालून तपासायला बोट ठेवलं आणि "आवळा" म्हटलं. त्यांनी श्वास रोखला, पोट दगडासारखं झालं, मांड्या जुळल्या आणि आत माझं बोट चक्क बाहेर ढकललं गेलं. म्हणजे रोज शंभर वेळा त्या झोळीवर जोरच देत होत्या. मग त्यांचा हात त्यांच्याच पोटावर ठेवला आणि म्हटलं, श्वास सोडत सोडत वारा अडवल्यासारखं आवळा आणि आत वर ओढा. चौथ्या खेपेला बोटाभोवती हलकी पकड आली. "अगं बाई, हे होय!" म्हणाल्या. आर्नोल्ड केगल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले तेव्हा आवळण्याचा दाब दाखवणारं यंत्रही वापरलं होतं. बरोबर स्नायू आवळला जातोय ना, हे बाईला कळणं त्यात महत्त्वाचं होतं.

उलट काहींचा स्नायू सैल नसतो, आखडलेला असतो. संबंधाच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला अडतं. अशांना आवळण्याने त्रास वाढू शकतो. त्यांना आधी सैल सोडायला शिकवावं लागतं.

तपासणीत लघवीची चाचणी हवी (जंतुसंसर्ग आणि साखर, दोन्हींसाठी), लघवी केल्यावर किती उरते ते सोनोग्राफीत बघायला हवं आणि खोकायला, जोर लावायला सांगून पाहायला हवं, जमल्यास उभं राहूनही. खोकल्यावर निसटणं वेगळं आणि घाई लागून दारापर्यंत न पोहोचणं वेगळं. दुसऱ्यात मूत्राशयाला हळूहळू थांबायची सवय लावतात, चहा-कॉफी कमी करतात, गरज पडली तर गोळ्या देतात.

व्यायाम बरोबर जमला की एका वेळी आठ, दिवसातून तीनदा, असं निदान तीन महिने. जेवढं आवळाल तेवढंच पूर्ण सोडायचंही. खोकला येतोय असं वाटताच आधी आवळून घ्यायचं, ही सवय आईंना पटकन उपयोगी पडेल. लघवीची धार मध्येच अडवून मात्र व्यायाम करू नये.

खाली गोळा आल्यासारखं वाटतं त्यासाठी रिंग पेसरीबद्दल नक्की विचारा. आधारासाठी योनीत मापाने बसवायची ही सिलिकॉनची कडी. बसवल्यावर आईंना चालायला, उकिडवं बसायला, लघवीला जाऊन यायला सांगावं. टोचली किंवा निसटली तर माप बदलतात. स्वतः काढून धुता येत नसेल तर साधारण सहा महिन्यांनी दवाखान्यात काढून, तपासून पुन्हा बसवतात. आपल्याकडे ही सोय फार कमी जणींना सांगितली जाते, याची मला खंत आहे.

ऑपरेशन लागलंच तर गर्भाशय ठेवून त्याला आधार देण्याच्याही पद्धती आहेत. मुंबईत शिरोडकर आणि पुरंदरे यांच्या नावाने ओळखली जाणारी अशी ऑपरेशनं विकसित झाली, मुख्यतः तरुण बायकांसाठी. आईंच्या वयात पिशवी काढणंही योग्य ठरू शकतं, पण वरचा आधार कसा बांधणार, हे आधी विचारून घ्या.

पाळी गेल्यावर रक्त दिसलं, लघवीतून रक्त गेलं, तर लवकर दाखवा. लघवी पूर्ण अडली किंवा जांघेत बधिरपणा आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तोवर एक वही ठेवा. तीन दिवस, किती वाजता किती पाणी-चहा प्यायलं, लघवी किती झाली (मापाच्या खुणा असलेल्या जुन्या मगाने मोजा), कधी आणि काय करताना निसटली. आईंना लिहायला अवघड वाटत असेल तर त्या सांगतील तसं तुम्ही लिहा, आणि तपासणीला जाताना ती वही सोबत न्या.