‘फास्ट’चा मूळ अर्थ वेग नव्हे

‘फास्ट म्हणजे वेगवान, तर मग फास्ट अस्लीप म्हणजे गाढ झोपलेला असे कसे?’ हा आपला प्रश्न रास्त आहे, कारण या शब्दाचा जो अर्थ आपण सर्वप्रथम शिकतो, तो त्याच्या इतिहासात बराच उशिरा आलेला आहे. जुन्या इंग्रजीत या विशेषणाचा अर्थ घट्ट, पक्का, न हलणारा असा होता आणि तो आजही जिवंत आहे. चिखलात रुतून बसलेली गाडी ‘स्टक फास्ट’ असते, धुतल्यावर न जाणारा रंग ‘फास्ट’ असतो, निष्ठेने ठाम राहणारा माणूस ‘स्टेडफास्ट’ म्हणवतो आणि बांधणे, आवळणे या अर्थाचे ‘फासन’ हे क्रियापदही त्याच कुळातले आहे. गाढ झोपलेला माणूस म्हणजे झोपेने घट्ट धरून ठेवलेला माणूस.

मग यात वेग कुठून शिरला? मराठीतला ‘जोरात’ हा शब्द आठवून पाहावा. जोर म्हणजे ताकद, तरीही ‘तो जोरात धावला’ असे ऐकताच आपल्या मनात वेगच येतो. इंग्रजीतही नेटाने, जोर लावून धावणे हा अर्थ हळूहळू वेगाने धावणे याकडे सरकला आणि क्रियाविशेषणात रुजलेली ही छटा पुढे विशेषणानेही घेतली. त्यामुळे जागचे न हलणारे आणि भरधाव जाणारे अशा दोहोंना एकच शब्द लागू पडतो. भाषेतली अशी वळणे मला फार मोलाची वाटतात.

उपवास या अर्थाचा ‘फास्ट’ही परका नाही. नियमाने स्वतःला घट्ट बांधून घेणे ही त्यामागची कल्पना आहे, आणि 15व्या शतकापासून आढळणाऱ्या ‘ब्रेकफास्ट’चा शब्दशः अर्थ उपवास मोडणे असाच होतो.

‘वेगाने’ या अर्थी ‘फास्टली’ हे रूप मात्र टाळावे. प्रमाण इंग्रजीत विशेषण आणि क्रियाविशेषण या दोन्ही ठिकाणी ‘फास्ट’च चालतो. ‘क्विक’शीही त्याची गल्लत होऊ देऊ नये: धावणारी गाडी ‘फास्ट’, पण थोडक्या वेळात आलेले उत्तर ‘क्विक’. घड्याळ पाच मिनिटे ‘फास्ट’ आहे असे म्हटले, तर त्याचे काटे खऱ्या वेळेच्या पाच मिनिटे पुढे आहेत, एवढेच समजावे.