होव्हरमध्ये सावरायला जावं तसे हेलिकॉप्टरचे हेलकावे का वाढतात?

तुम्ही विचारलंय की सिम्युलेटरवर हेलिकॉप्टर होव्हरमध्ये, म्हणजे हवेत एका जागी, धरायला गेलं की ते झुलू लागतं आणि सावरायला जाल तसे झोके वाढतात. मग चूक पायलटची की यंत्राची? शिकत असताना माझे पहिले काही तास याच झोक्यांत गेले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

स्थिरता राखणारी यंत्रणा नसलेलं साधं हेलिकॉप्टर होव्हरमध्ये मुळातच अस्थिर असतं. ते जरा पुढे सरकलं की पुढे येणाऱ्या पात्याला वारा जास्त लागतो, मागे जाणाऱ्याला कमी. त्यामुळे फिरणाऱ्या पात्यांची मिळून होणारी चकती मागे कलते, नाक उचललं जातं, यंत्र थांबून मागे जाऊ लागतं. मग तेच उलट. हात लावलाच नाही, तर पुढचा प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा.

आता यात पायलट येतो. सायक्लिक, म्हणजे चकती हव्या त्या दिशेला कलवणारी उजव्या हातातली स्टिक, हलवलं की चकती जवळजवळ लगेच कलते, पण सांगाडा तिच्यामागे कलायला वेळ घेतो, वेग यायला आणखी वेळ, आणि जागा बदललेली डोळ्यांना दिसते ती सगळ्यात शेवटी. नवशिक्याची नजर नेमकी जागेवर असते. काही झालंच नाही असं वाटून तो आणखी रेटतो, तोवर पहिल्या रेट्याचा परिणाम येऊन पोचतो. हा उशीर अर्ध्या झोक्याएवढा झाला की प्रत्येक दुरुस्ती झोक्याला बळच देते. यालाच पीआयओ (पायलट-इंड्यूस्ड ऑसिलेशन, म्हणजे पायलटच्याच दुरुस्त्यांनी वाढणारे झोके) म्हणतात.

सरांनी मला जमिनीकडे बघणं बंद करायला लावलं. दूरच्या झाडांच्या रांगेवर नजर, हात मांडीवर टेकवलेला, स्टिक अंगठा आणि दोन बोटांत. "दाब दे आणि लगेच काढून घे, परिणाम दिसायची वाट बघू नकोस." क्षितिज किती कललं हे जागेच्या कितीतरी आधी कळतं, म्हणून उशीर कमी होतो. झोके वाढलेच तर स्टिक मध्यावर आणून क्षणभर स्थिर धरायची. यंत्र थोडं वाहवत जाईल, पण झोक्याला तुमच्याकडून खतपाणी मिळणार नाही. सिम्युलेटरवर हे आजच करून बघा.

पायलट आणि यंत्र मिळून झोके वाढवण्याचा दुसरा प्रकार मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो पायलटच्या नकळत होतो. पीआयओ साधारण १ हर्ट्झच्या (सेकंदाला एक झोका) खाली घडतो. हा २ ते ८ हर्ट्झमध्ये, म्हणजे विचार करून हात हलवण्यापेक्षा जलद. कलेक्टिव्हचंच, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणाऱ्या लिव्हरचंच बघा. डाव्या हातात ती लिव्हर आहे आणि सीट वरखाली थरथरतेय. सीट वर उचलली गेली की हात मागे राहतो, लिव्हर किंचित खाली जाते. एवढंच असतं तर थरथर उलट कमी झाली असती. पण हात आणि पाती दोन्ही थोडा उशीर करतात, आणि ठराविक वारंवारितेला ते उशीर एकत्र येऊन थरथर वाढवू लागतात. मग माणसाचं शरीर हे यंत्रातल्या एखाद्या स्प्रिंगसारखं वागतं. व्ही-२२ ऑस्प्रे या रोटर कलवून विमानासारखंही उडणाऱ्या यंत्राच्या चाचण्यांतही पायलटचं शरीर हलून स्टिक हलत असल्याचं आढळलं होतं. युरोपात २०१० ते २०१३ मध्ये 'अ‍ॅरिस्टॉटेल' नावाचा प्रकल्प खास पायलट आणि यंत्राच्या अशा जोडणीच्या अभ्यासासाठीच झाला.

इथे कौशल्य कामी येत नाही. पकड सैल करणं आणि कलेक्टिव्हचं फ्रिक्शन (लिव्हर सहज हलू नये म्हणून असलेला घर्षणाचा अडसर) थोडं घट्ट ठेवणं, एवढंच पायलटच्या हातात असतं. बाकीचं काम डिझाइन करणाऱ्यांचं: स्टिकचं वजन संतुलित करणं आणि कंट्रोल सिस्टिममध्ये ती ठराविक वारंवारिता गाळून टाकणारा फिल्टर घालणं.