ब्रिटिश हॉटेलांचा इतिहास काय, आणि तिथल्या संस्कृतीत त्यांना एवढं महत्त्व का?

प्रश्नातला ‘हॉटेल’ हा शब्द वाचून माझ्यासारख्या पुणेकर बाईच्या डोळ्यांपुढे आधी मिसळच आली. आपण हॉटेलात खायला जातो आणि मुक्कामाला लॉजवर. तिकडे हॉटेल म्हणजे मुक्काम. लीड्सला शिकत असताना शनिवार-रविवार मी स्कारबरो या समुद्रकाठच्या गावातल्या एका लहानशा हॉटेलात नाश्त्याच्या पाळीला काम करायचे. सकाळी सातला अंडी, सॉसेज आणि बीन्सच्या थाळ्या उचलताना या विषयाची गोडी लागली, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

हॉटेल हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, तोही अठराव्या शतकात. त्याआधी होती ती ‘इन’. खाली दारू-जेवण, वर खोल्या, मागच्या अंगणात घोडागाड्या, म्हणजे साधारण पैसे घेणारी सराई. लंडनच्या सदर्क भागातली ‘जॉर्ज इन’ अजून उभी आहे. १६७६ च्या आगीनंतर ती नव्याने बांधली, तिचे लाकडी सज्जे बघण्यासारखे आहेत. या इनवाल्यांवर इंग्लिश कायद्याचं एक जुनं बंधन होतं: जागा असेल आणि आलेला प्रवासी पैसे द्यायला तयार, वागायला धड असेल, तर सबळ कारणाशिवाय त्याला दारातून परत पाठवायचं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घोडागाड्या संपवल्या रेल्वेने, आणि मोठी हॉटेलंही रेल्वेनेच जन्माला घातली. १८३९ मध्ये लंडनच्या यूस्टन स्टेशनाशी पहिली रेल्वे हॉटेलं उघडली. मग प्रत्येक कंपनीला आपलं हॉटेल शेजारच्या कंपनीपेक्षा थाटाचं हवं झालं. एडिंबराच्या स्टेशनालगत १९०२ साली उघडलेल्या हॉटेलाचं (आता त्याला बॅल्मोरल म्हणतात) घड्याळ लोकांची गाडी चुकू नये म्हणून मुद्दाम तीन मिनिटं पुढे ठेवतात. बरोबर वेळ फक्त ३१ डिसेंबरच्या रात्री.

याच गाड्यांनी गिरण्यांच्या गावांतली माणसं समुद्रावर आणली. स्कारबरोचं ग्रँड हॉटेल १८६७ चं. चार ऋतूंचे चार मनोरे, बारा महिन्यांचे बारा मजले, बावन्न आठवड्यांची बावन्न धुराडी, आणि खोल्या ३६५! वास्तुकार कथबर्ट ब्रॉड्रिक. लीड्सचा टाउन हॉलही त्याचाच. मी काम करायचे ते हॉटेल अर्थातच असलं काही नव्हतं. आमच्याकडे वर्षानुवर्षं त्याच आठवड्यात, त्याच खोलीत उतरणारी म्हातारी जोडपी यायची, आणि खिडकीजवळचं टेबल दुसऱ्या कोणाला दिलं की दिवसभर गाल फुगलेले. ‘सांस्कृतिक महत्त्व’ म्हणजे काय, तर मला ते गाल आठवतात.

लंडनमध्ये एकच बघायचं असेल तर सेंट पँक्रस स्टेशनाचं हॉटेल बघा. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने बांधलेलं हे मिडलंड ग्रँड १८७३ मध्ये सुरू झालं. लाल विटा, टोकदार कमानी. आपल्या व्हीटीची थोरली बहीण शोभेल. पाण्याच्या दाबावर चालणारी लिफ्ट होती, पण न्हाणीघरं मोजकीच. पाहुण्याला आंघोळ करायची तर नोकराने टब आणि गरम पाणी खोलीत न्यायचं. पुढे १८८९ मध्ये सॅव्हॉय उघडलं ते विजेचे दिवे, विजेच्या लिफ्ट आणि भरपूर न्हाणीघरं घेऊन, आणि लवकरच सेझार रिट्झ व्यवस्थापक, नामवंत फ्रेंच आचारी एस्कोफिए मुदपाकखान्यात. बिचारं मिडलंड ग्रँड जुनाट दिसू लागलं. १९३५ मध्ये ते बंद पडलं आणि तिथे रेल्वेची कार्यालयं आली. साठच्या दशकात स्टेशनासकट पाडायचंच घाटत होतं. कवी जॉन बेचमन आणि इतरांनी रान उठवलं म्हणून १९६७ मध्ये वास्तूला संरक्षण मिळालं. २०११ पासून तिथे पुन्हा हॉटेल आहे. चहासुद्धा परवडत नाही, पण बाहेर उभं राहून बघायला पैसे पडत नाहीत.

आता त्या जुन्या बंधनाकडे येते. १९४३ च्या उन्हाळ्यात वेस्ट इंडीजचा क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर सामना खेळायला बायको-मुलीसह लंडनला आला. तेव्हा तो ब्रिटिश सरकारच्या कामगार खात्यातच नोकरीला होता. रसेल स्क्वेअरच्या इंपीरियल हॉटेलात चार रात्रींचं आरक्षण होतं. पोचल्यावर सांगितलं, एकच रात्र राहता येईल; काळा माणूस शेजारी आहे म्हणून गोऱ्या अमेरिकन पाहुण्यांची कुरकुर होईल. त्याच मालकांच्या दुसऱ्या हॉटेलात त्याची सोय झाली, पण त्याने दावा लावला. वर्णभेदाविरुद्ध कायदाच नव्हता, म्हणून आधार घेतला तो घोडागाड्यांच्या काळातल्या इनवाल्याच्या बंधनाचा! १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. भरपाई किती, तर पाच गिनी, म्हणजे जेमतेम सव्वापाच पौंड. सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावाला बंदी करणारा कायदा १९६५ मध्ये आला, आणि १९६९ मध्ये हाच कॉन्स्टंटाइन लॉर्ड होऊन वरिष्ठ सभागृहात बसला.

आपल्याकडे याला जोड म्हणून हमखास काढली जाते ती मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलाची गोष्ट: जमशेटजी टाटांना तिथे प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी ताज बांधलं. ऐकायला झकास, पण इतिहासकार तिच्यावर फारसा विश्वास ठेवत नाहीत. वॉटसन्सची इमारत मात्र खरीच विलायती: ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणला आणि १८६० च्या दशकात काळ्या घोड्याजवळ जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्रांचे खेळ भारतात पहिल्यांदा झाले ते तिथेच. आता तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. सेंट पँक्रसला जे कवी भेटले तसे हिला अजून भेटायचेत.