काळ्या मातीत एसपीटीचा एन 3 आला. त्यावरून मातीची ताकद धरता येईल का?

रावेरजवळ नाल्याकाठी केळीचं पॅकहाऊस बांधताय, खाली मऊ काळी चिकणमाती लागली आणि एसपीटीत एन 3 आला, असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या त्या आकड्यावर पाया ठरवू नका, ही कळकळीची विनंती.

एसपीटीत (स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट) 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून पाडून मातीत नळी ठोकतात आणि शेवटच्या 30 सेंटिमीटरला किती ठोके लागले ते मोजतात; तोच आकडा म्हणजे एन. वाळूला ही चाचणी बरी. मऊ चिकणमातीत एकूण ठोकेच तीन, त्यात एक चुकला तरी उत्तर बदलतं. नेहमीच्या तक्त्यात एन 2 ते 4 ला अनड्रेन्ड शिअर स्ट्रेंग्थ (पाणी निचरायला वेळ न मिळता माती तुटतानाची ताकद) साधारण 12 ते 25 किलोपास्कल दिलेली असते. म्हणजे थेट दुपटीचा फरक!

त्यापेक्षा व्हेन शिअर चाचणी करून घ्या. चार पात्यांची फुली न ठोकता मातीत दाबायची, मिनिटाला सुमारे 6 अंश इतकी सावकाश फिरवायची आणि माती तुटताना किती पीळ लागला ते वाचायचं. 50 मिमी रुंद, 100 मिमी उंच पात्याला 9 न्यूटन-मीटर लागले, तर ताकद साधारण 20 किलोपास्कल. पण हा आकडाही जसाच्या तसा वापरायचा नाही. भूतंत्र अभियंते ब्येरम यांनी 1972 मध्ये खचलेल्या भरावांवरून दाखवलं, की जास्त प्लास्टिक मातीत व्हेन ताकद फुगवून सांगतं. प्लास्टिसिटी इंडेक्स (माती किती ओलाव्याच्या टप्प्यात मळता येते, त्याचा आकडा) 50 च्या आसपास असेल तर 0.8 ने गुणायचं: 20 चे 16 झाले. लांबट पट्टीच्या पायाला 5.14 या भारक्षमतेच्या गुणकाने गुणून सुरक्षिततेसाठी 3 ने भागा, सुरक्षित भार चौरस मीटरला पावणेतीन टनांच्या आसपास येतो. चुनखडीचा खडा पात्याला अडला तर ते वाचन सरळ सोडून द्या.

आपल्याकडे मोठा घोळ होतो तो ऋतूचा. वैशाखात काळी भेगाळते, कुदळ लागत नाही. आषाढात त्याच जागी पाय रुततो. उन्हाळ्यात वरच्या थरात मोजलेली ताकद पावसाळ्यासाठी धरूच नका. चाचणी पावसाळा सरता सरता करा, आणि रिपोर्टात प्रत्येक खोलीचा ओलावा लिहून मागा. तो नसेल तर ताकदीचा आकडा कोणत्या अवस्थेतला, हे कळायला मार्ग नाही.

सोबत पातळ भिंतीच्या नळीतून अबाधित सॅम्पल काढून यूयू ट्रायअ‍ॅक्सियल (चहूबाजूंनी दाब देऊन, पाणी निचरू न देता माती तोडायची लॅब चाचणी) करून घ्या. नळीची दोन्ही तोंडं साईटवरच मेणाने बंद झालेली स्वतः बघा. आपल्या उन्हात उघडी नळी लॅबला पोचेपर्यंत वाळते आणि माती आहे त्यापेक्षा दणकट निघते.

ताकद पुरेशी आली तरी माती फुगायची थांबत नाही. पाया जागेवर आणि हलकी फरशी वर उचललेली, अशी गोडाऊनं मी पाहिली आहेत. म्हणून त्याच सॅम्पलवर फ्री स्वेल (माती मोकळी किती फुगते) आणि स्वेलिंग प्रेशर (फुगताना किती दाब देते) हेही काढून घ्या.