आधी शुगर बघ, मग आजच कुणाला तरी सांग

तू लिहिलंस की नऊ वर्षं सुया टोचून जीव विटलाय, रात्री झोपताना सकाळी जागच येऊ नये असं वाटतं, आणि डॉक्टरांना सांगितलं तर ते घरी कळवतील म्हणून गप्प आहेस. टाइप वन डायबेटिस असलेल्या आणखी कुणाला असं होतं का, असं विचारलंस. होतं. मला झालं होतं. मला टाइप वन होऊन आता तीस वर्षं होतील, आणि त्यातल्या एका वर्षाबद्दल मी फार उशिरा तोंड उघडलं.

ते सांगतेच, पण त्याआधी उठून शुगर बघ. मी विषय बदलत नाहीये. मेंदू चालतो ग्लुकोजवर. शुगर ७० च्या खाली गेली की धडधड, घाम, उगाच भीती. ५४ च्या खाली तर धड विचारच करता येत नाही. माझ्या सगळ्यात वाईट रात्रींपैकी कितीतरी रात्री मी लो होते, आणि हे मला दुसऱ्या दिवशी मीटरमधले आकडे बघून कळायचं. लो असशील तर १५ ग्रॅम ग्लुकोज घे, १५ मिनिटांनी परत चेक कर. खूप हाय असेल आणि मळमळ, उलट्या किंवा कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर शरीरात साठणारी आम्लं) असतील, तर कुणाला तरी उठव आणि दवाखाना गाठ. शुगर जागेवर आल्यावर विचार ओसरला, तरी तो आला होता हे सांगायचंच. नाही ओसरला, तर आज रात्री एकटी झोपू नकोस.

आता माझं. मी सत्तावीस वर्षांची होते. ठरत आलेलं लग्न आजारावरून मोडलं होतं, आणि नातेवाईक आईला विचारायचे, ‘लहानपणी गोड फार खायची का हो?’ ओपीडीत शुगरच्या नोंदींची वही उघडली की पहिलं वाक्य असायचं, ‘कंट्रोल नाहीये तुझा.’ मग मी वहीत खोटे आकडे लिहायला लागले. ११०, १२५, १३०. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा रिपोर्ट, आला की खोटं उघडं पडायचं आणि आणखी बोलणी बसायची. पुढे मी कधीकधी डोसही मुद्दाम टाळायला लागले. तो आळस नव्हता. मला स्वतःची पर्वाच उरली नव्हती, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझंही असं होत असेल, तर ‘डोस चुकतात’ असं म्हणू नकोस. ‘मी मुद्दाम घेत नाही,’ असंच सांग. डॉक्टरांना या दोन वाक्यांतून अगदी वेगळ्या गोष्टी कळतात.

शेवटी मी वहिनीला सांगितलं. भांडी घासत होतो, तिची पाठ होती माझ्याकडे, म्हणून बोलता आलं. ‘वहिनी, मला जगावंसं वाटत नाही गं.’ तिने नळ बंद केला. उपदेश केला नाही, रडलीही नाही. ‘आज माझ्याजवळ झोप,’ एवढंच म्हणाली, आणि सकाळी माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आली.

आपली अडचण अशी की इन्सुलिन सोडता येत नाही, आणि अशा दिवसांत ते एकटीच्या हाताशी असणंही बरं नाही. म्हणून घरात एक व्यवस्था लावावी लागते. वहिनीने इन्सुलिनचा सगळा साठा खालच्या मजल्यावर काकूंच्या फ्रीजमध्ये हलवला. रोजचं इन्सुलिन तिच्याकडे असायचं, आणि प्रत्येक डोसला ती शेजारी बसायची. पहिले आठ दिवस मला फार अपमान वाटला. मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे ओझं दुसऱ्या कुणीतरी हातात घेतलंय. चार महिने हे चाललं. तुझ्याकडे हे कोण करेल, आई, बहीण की रूममेट, ते आजच ठरव.

डॉक्टरही बदलले मी. नव्या डॉक्टरांनी सांगितलं, ‘जेवणाआधी शुगर ८० ते १३० हवी, हे सध्या विसर. बेसल, म्हणजे दिवसभर पुरणारं इन्सुलिन, चुकवायचं नाही, लो होऊ द्यायचं नाही, आणि आकडे खरे लिहायचे. बाकीचं मी बघतो.’ त्यांनीच मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे एक गोष्ट कळली, ती कुणी आधी सांगायला हवी होती. मोजणं, टोचणं, बोलणी खाणं यांनी माणूस पिचून जातो, त्याला डायबेटिस डिस्ट्रेस म्हणतात. नैराश्य वेगळं, त्यात आवडती गोष्टसुद्धा बेचव होते, झोप आणि भूक बिघडते. डायबेटिस असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं. मला दोन्ही होतं. एकाला ओझं वाटून घेणारी माणसं आणि सोपं वेळापत्रक लागलं, दुसऱ्याला गोळ्या आणि समुपदेशन. गोळ्या सुरू झाल्या तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं सांग, कारण नैराश्याच्या काही औषधांनी शुगर खाली-वर होते. मी पहिल्या महिन्यात जास्त वेळा चेक करायचे.

तुझी भीती घरी कळण्याची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार तुझी माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जिवाला धोका दिसला तर मात्र, तो टाळण्यापुरतं ते सांगू शकतात. हे तुझ्यापासून लपवत नाही. म्हणूनच, घरात कुणाला कळलेलं चालेल ते तूच आधी निवड आणि डॉक्टरांना तेच नाव दे. मी वहिनीचं दिलं होतं. आईला सगळं कळलं ते वर्षभराने.

आणि कुणीच जवळ नसेल तर १४४१६ लाव. टेली-मानस, सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. काय बोलायचं सुचलं नाही तर एवढंच म्हण: ‘मला टाइप वन आहे, रोज इन्सुलिन घेते, आणि मला जगावंसं वाटत नाही.’ पुढचं ते विचारतील. काही करून बसशील असं वाटत असेल, किंवा काही केलं असशील, तर थांबू नकोस, ११२ लाव किंवा जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा आणि आत शिरतानाच टाइप वन असल्याचं सांग.

मी जागी आहे. शुगर किती आली आणि तू कुणाला सांगणार आहेस, या दोन गोष्टी मला लिही. आकडा खरा लिही, कितीही असला तरी.