परदेशी ट्रेनर 'भारतीय लोक साहेबापुढे बोलत नाहीत' असं शिकवतात. हा वसाहतवादच नाही का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: नाशिकमधल्या अंबडच्या तुमच्या कंपनीत जर्मन ग्राहकाशी काम करणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं लीडरशिप ट्रेनिंग झालं, पडद्यावर 'भारत ७७, जर्मनी ३५' असे आकडे झळकले, आणि तुम्ही लोक वरिष्ठांपुढे तोंड उघडत नाही असं गोड शब्दांत ऐकवलं गेलं. राग येणारच. मी सातपूरला क्वालिटीत अठरा वर्षं काढली आहेत आणि हे ट्रेनिंग दोनदा घेतलंय. दोन्ही वेळा तोच तक्ता होता.

आधी आकड्यांचं बघू. ते खोटे नाहीत, पण कुणाचे आहेत ते पाहा. गीर्ट हॉफस्टेड नावाच्या डच संशोधकाने १९६७ ते १९७३ च्या दरम्यान आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्यांवरून ते काढले. पुस्तक आलं १९८० साली. वरच्याच्या हातात जास्त सत्ता असणं खालच्या माणसाने कितपत धरूनच चाललेलं असतं, ते मोजायचा हा आकडा, नाव 'पॉवर डिस्टन्स'. म्हणजे 'भारत' म्हणून जे ७७ आपल्या माथी आले, ते एका अमेरिकन कंपनीच्या इथल्या नोकरदारांचे. ती कंपनी १९७८ मध्ये इथून गाशा गुंडाळून गेलीसुद्धा (पुढे परत आली, ते वेगळं), आकडा मात्र तेव्हापासून मुक्कामाला आहे. निफाडचा द्राक्षवाला आणि मालेगावचा यंत्रमागवाला त्यात कुठेच नाहीत.

तेव्हा हो, वसाहतीची सावली आहे. जर्मन माणसाशी कसं बोलावं हे नाशिककराला शिकवतात; नाशिककराशी कसं बोलावं हे तिकडच्यांना शिकवलेलं मी तरी पाहिलं नाही. शिवाय आपल्या जिल्ह्याचा प्रमुख अजून 'कलेक्टर'च आहे, १७७२ मध्ये इंग्रज गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जच्या काळात महसूल गोळा करायला निर्माण झालेलं पद. त्या ७७ पैकी किती जातिव्यवस्थेचे आणि किती कलेक्टर कचेरीचे, याची फोड स्लाइडवर नसते.

हे सगळं मी पहिल्या ट्रेनिंगनंतर चहाच्या टपरीवर तावातावाने बोललो होतो. त्यानंतर चारेक महिन्यांनी काय झालं ते सांगतो.

सेकंड शिफ्टला एक कंत्राटी हेल्पर होता, धुळ्याकडचा, अहिराणी वळणाचं मराठी बोलायचा. फिक्स्चर, म्हणजे पार्ट पकडून ठेवणारा साचा, झिजल्यामुळे काही पार्टच्या भोकाला बारीक बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, राहत होती. हा पोरगा नखाने चाचपून असे पार्ट बाजूला काढायचा आणि खडूने फुली मारून वेगळ्या क्रेटमध्ये टाकायचा. त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. मी राउंडला आलो, क्रेट भरलेला आणि काउंट कमी दिसला. काय चाललंय म्हणून चढ्या आवाजात विचारलं, पण उत्तराला थांबलो नाही. तो "हो साहेब" म्हणाला, फडक्याने फुल्या पुसल्या आणि पार्ट परत लाइनमध्ये मिसळले. माल गेला. तीन आठवड्यांनी तिकडून तक्रार आली.

व्हिडिओ कॉलवर जर्मन इंजिनिअरने विचारलं, "तुमच्याकडे कुणालाच दिसलं नाही?" मी काय उत्तर दिलं असेल? "आमच्याकडे पॉवर डिस्टन्स जास्त आहे, कामगार बोलत नाहीत." ज्या तक्त्यावर मी टपरीवर तोंडसुख घेतलं होतं, तोच ढालीसारखा पुढे केला. समोरच्यालाही ते पटलं. दोघांचंही काम भागलं.

म्हणून तुमच्या 'वसाहतवादच नाही का' मधल्या त्या 'च' वर माझा आक्षेप आहे. ट्रेनिंग हॉलमध्ये बसलेले आपण सगळे इंग्रजीवाले. इंग्रजी शिक्षण आणणाऱ्या मेकॉलेला शिव्या घालायला आपण पुढे असतो, पण त्याच्या शाळेचा फायदा कुणी घेतला? महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देऊन सांगितलं होतं की सरकारी महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. माझ्या घरात आजोबांपासून इंग्रजी आहे. ती कुणाच्या पैशाने आली हे मला कुठल्याही ट्रेनरने विचारलेलं नाही.

आणि लोक बोलत नाहीत, हेही खरं नाही. माझं घर पंचवटीत, काळाराम मंदिराजवळ. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं याच मंदिराच्या दाराशी आली होती. सत्याग्रह काही वर्षं चालला, दार काही उघडलं नाही. वरिष्ठांपुढे यापेक्षा स्पष्ट ते काय बोलायचं?

आता तुमच्यापुरतं. ट्रेनिंगवर बहिष्कार वगैरे घालू नका, उपयोगाच्या गोष्टीही असतात. 'करून बघतो' म्हणजे जर्मन माणूस 'होणार' असं धरतो, हे मला तिथेच कळलं. पण पुढच्या वेळी एचआरकडे दोन गोष्टी मागा. ग्राहकाच्या टीमलाही असंच एक सत्र द्या, आणि आपल्या सत्रात एक तास मराठीतून ठेवून त्यात कंत्राटी पोरांना बसवा. पहिली मागणी आमच्याकडे 'बजेट नाही' म्हणून गेली. दुसरी मिळाली, पण पहिल्या दिवशी कुणी अवाक्षर काढलं नाही, कारण मीच समोर खुर्चीत बसलो होतो. दुसऱ्या वेळी मी बाहेर थांबलो, तेव्हा फिक्स्चरच्या वगैरे एकूण सात तक्रारी निघाल्या. त्यातल्या दोन माझ्या राउंडच्या वेळेबद्दल होत्या.

तो पोरगा मात्र तोपर्यंत नव्हता. तक्रारीच्या रिपोर्टमध्ये मूळ कारणाच्या रकान्यात मी 'ऑपरेटरचे दुर्लक्ष' लिहिलं होतं, आणि कंत्राटदाराने त्याला महिन्याभरात बदललं.