न्यूयॉर्कला जाणारं विमान उत्तरेकडून का जातं?

प्रश्न : नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेघ ओढली, तर ती सौदी अरेबिया, इजिप्त, मोरोक्कोवरून अटलांटिक ओलांडते. विमान मात्र पार उत्तरेकडून जाताना दिसतं. हा लांबचा रस्ता कशासाठी? आणि येताना वेळ कमी कसा लागतो?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उत्तरेकडचाच रस्ता जवळचा आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे त्यावरची सरळ रेघ गोलावर सरळ राहत नाही. तुमच्या रेघेने गेलं तर सुमारे 14,200 किलोमीटर होतात. बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलावरच्या सर्वांत जवळच्या वाटेने, 12,530. ही वाट सौराष्ट्र, पाकिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड अशी जाते. घरी 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. साडेएकोणतीस सेंटिमीटर भरेल. एक सेंटिमीटर म्हणजे 425 किलोमीटर.

आकड्यांनी काढायचं तर सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. मुंबई 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम. एक पूर्वेला, एक पश्चिमेला, म्हणून रेखांशांची बेरीज : 146.65. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार 0.2130. दोन्हींचे कोसाइन आणि 146.65 चा कोसाइन यांचा गुणाकार उणे 0.5990. बेरीज उणे 0.3860. हा ज्या कोनाचा कोसाइन, तो कोन 112.7 अंश. गोलावर एक अंश म्हणजे 111.2 किलोमीटर, म्हणून त्याला 111.2 ने गुणा. पृथ्वी ध्रुवांजवळ किंचित चपटी असल्याने उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक राहतो. उत्तर भलतंच आलं तर आधी कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर, तर नाही ना, ते पाहा. दुसरी हमखास चूक मिनिटांची : 40 अंश 38 मिनिटं म्हणजे 40.63, 40.38 नव्हे.

हे झालं किमान अंतर. प्रत्यक्षात विमान याहून जास्त उडतं, कारण बंद हवाई हद्दी टाळाव्या लागतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा पश्चिमेकडच्या उड्डाणांना अरबी समुद्रावरून वळावं लागलं.

वेळेतला फरक वाऱ्याचा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर जेट स्ट्रीम, म्हणजे वेगवान वाऱ्याचा प्रवाह, पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो. विमानाचा वेग ताशी 900 आणि वारा सरासरी 50 धरला, तर जाताना 14 तास 40 मिनिटं, येताना 13 तास 10 मिनिटं. वळसा आणि धावपट्टीवरचा वेळ त्यावर वेगळा. हिवाळ्यात हा प्रवाह जोरात असतो, तेव्हा तफावत आणखी वाढते.

प्रश्न : सोलापूर–मुंबई रेल्वेने सुमारे 455 किलोमीटर. विमानाने किती?
– एक वाचक, होटगी रोड

उत्तर : सरळ रेषेत 361. रेल्वे दौंड, पुणे करत बोरघाटातून उतरते, म्हणून जवळजवळ शंभर किलोमीटर वाढतात. एवढ्या कमी अंतरात पृथ्वीच्या गोलाईने काहीच फरक पडत नाही, त्यामुळे इथे साध्या नकाशावर पट्टी लावून मोजलं तरी चालेल.